माझ्या मशिनवर तर चालतंय!

नवं सॉफ्टवेअर बाजारात येण्याआधी कुणीतरी त्याचा मनसोक्त छळ करावा लागतो. हा छळ करणारी माणसं दर वेळी पगारी नसतात. कधी ती शेजारच्या बिल्डिंगमधली मावशी असते, कधी रिक्षावाला, तर कधी चक्क रामकुंडावर आलेले लाखो भाविक!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर. कुणाचा पिक्चर बुक आहे, कुणाला गावाकडची गाडी पकडायचीय. आणि नेमका त्याच वेळी क्लायंटचा फोन येतो, 'अहो, तुमचं नवं व्हर्जन आमच्याकडे उघडतच नाहीये!' सगळी टीम एका कॉम्प्युटरभोवती गोळा होते. आणि मग खुर्ची मागे सरकवत, दोन्ही हात वर करत कुणीतरी ते अजरामर वाक्य टाकतो, 'पण माझ्या मशिनवर तर चालतंय बॉस!'

आयटीत असाल तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. खरं सांगा, म्हटलंही असेल. आयटीत नसाल तर तुम्ही फोनच्या पलीकडच्या बाजूला असाल, एवढाच काय तो फरक. बँकेचं ॲप अपडेट झालं आणि लॉगिनचं बटणच गायब झालं, तिकिटाचं पान मित्राच्या फोनवर छान दिसतं आणि आपल्या फोनवर अर्धं कापलं जातं... हे सगळं त्याच एका वाक्याचं फळ. बनवणाऱ्याच्या मशिनवर ते चालत होतं. प्रॉब्लेम इतकाच, की जग बनवणाऱ्याच्या मशिनवर राहत नाही!

मग करायचं काय? जगातल्या बड्या कंपन्यांपासून हौशी प्रोग्रॅमरपर्यंत सगळ्यांनी यावर एकच उपाय शोधलाय. लोकांना बोलवा. आपल्या ऑफिसबाहेरच्या, वेगळे फोन वापरणाऱ्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसांच्या हातात कच्चं सॉफ्टवेअर द्या आणि म्हणा, 'मोडून दाखवा!' या प्रकाराचा एक भन्नाट प्रयोग आपल्या नाशकात, पंचवटीत झालाय. पण त्याची सुरुवात मात्र अजिबात भन्नाट नव्हती.

२७ ऑगस्ट २००३

पंचवटीत राहणाऱ्या कुणालाही ही तारीख सांगा, चेहरा बदलतो. सिंहस्थातल्या शाही स्नानाचा दिवस होता. रामकुंडाकडे उतरणारे गल्लीवजा अरुंद रस्ते, अडवून धरलेली गर्दी आणि मागून सतत वाढणारा रेटा. सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. शंभराहून जास्त जखमी झाले.

ज्यांनी हा परिसर पाहिलाय त्यांना कारण समजवायला लागत नाही. पंचवटी कारंजावरून काळारामाच्या बाजूनं गंगेवर उतरून बघा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). एरवीच्या रविवारीही खांद्याला खांदा लागतो. तिथं लाखो माणसं सोडली तर पुढच्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला पुढे काय चाललंय ते कळत नाही. पुढे रस्ता तुंबलाय, हे मागच्या माणसाला वेळेत कळायला हवं. खरंतर हा माहितीचा प्रश्न आहे. कुठे किती माणसं आहेत, हे या क्षणी कुणाला ठाऊक आहे?

माहिती लोकांपर्यंत पोचवण्याची नाशिकची स्वतःची एक जुनी सिस्टिम आहे, बरं का! रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पूर आला की अख्खं शहर एकमेकांना विचारतं, 'पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत... बस्स. ना ॲप, ना लॉगिन, आणि कोणत्याही फोनवर चालतं! पण गर्दी मोजायला असा मारुती नव्हता.

कुंभमेळ्याचा हॅकेथॉन

पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या आधीच २०१४ च्या जानेवारीत नाशकात एक वेगळाच मेळा भरला, 'कुंभथॉन'. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये 'कॅमेरा कल्चर' हा संशोधन गट चालवणारे रमेश रासकर मूळचे नाशिकचे. त्यांच्या पुढाकारानं एमआयटीची मंडळी आणि इथली कॉलेजची पोरं, डॉक्टर, उद्योजक, सरकारी अधिकारी एका छताखाली आले. डिजिटल शब्दकोशांसाठी ओळखले जाणारे नाशिकचे सुनील खांडबहाले यांच्यासारखे लोकही त्यात होते. प्रश्न एकच होता, काही आठवड्यांसाठी इथं एक तात्पुरतं महानगर उभं राहणार आहे, तर त्याच्या अडचणी तंत्रज्ञानानं सोडवता येतील का?

एक-दोन दिवस रात्र जागून कोडिंग करायचं, पिझ्झा खायचा, बक्षीस घ्यायचं आणि घरी जायचं, असा हा मामला नव्हता. शिबिरं सिंहस्थापर्यंत होत राहिली. त्यातून वेगवेगळ्या कल्पना पुढे आल्या. दवाखान्यांतल्या नोंदींवरून साथीची चाहूल घेणारी 'एपिमेट्रिक्स', उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणारी 'अन्नदान', मोबाइल टॉवरच्या माहितीवरून गर्दीचा अंदाज बांधणारी यंत्रणा... आणि 'आशिओतो'.

आशिओतो म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. या टीममधला नीलय कुलकर्णी हा नाशिकचा मुलगा तेव्हा शाळकरी वयाचा होता. कल्पना ऐकायला एकदम साधी. रस्त्यावर एक चटई टाकायची. तिच्यात दाब ओळखणारे सेन्सर. माणूस वरून चालत गेला की पाऊल मोजलं जाणार आणि आकडा तिथल्या तिथे यंत्रणेपर्यंत पोचणार. कुठल्या वाटेवर किती माणसं येतायत, हे नंतर नाही, तर त्याच क्षणी कळणार.

आता गंमत बघा. अशी चटई घरात टाकून चार मित्रांना तिच्यावरून चालवलं, तर ती 'माझ्या मशिनवर' चालणारच! पण घाटावरचा माणूस अनवाणी असतो, ओला असतो. त्याच्या डोक्यावर गाठोडं असतं, कडेवर पोर असतं. तो एका रेषेत चालत नाही. तो घोळक्यानं येतो, मध्येच थांबतो, मागे वळून हाका मारतो. हे लॅबमध्ये कसं उभं करणार? त्यासाठी प्रत्यक्ष मेळाच हवा. २०१५ च्या सिंहस्थात या चटयांनी १८ तासांत सुमारे पाच लाख माणसं मोजली. ही गोष्ट नीलयनं पुढे टेडच्या व्यासपीठावर जगाला सांगितली.

२०१५ मध्ये २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशी तीन शाही स्नानं नाशकात झाली. चेंगराचेंगरी झाली नाही. याचं सगळं श्रेय एखाद्या चटईला किंवा ॲपला देणं हा बावळटपणा ठरेल. पोलिसांचा बंदोबस्त, बदललेले रस्ते, लांब ठेवलेलं पार्किंग, रात्रंदिवस उभे राहिलेले स्वयंसेवक या सगळ्यांचं ते काम. पण एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. आपल्या गावचा प्रश्न, आपल्या गावच्या पोरांनी, आपल्याच गावच्या रस्त्यावर, खऱ्या माणसांसोबत तपासता येतो.

चोवीस हजार प्रकारचे फोन!

योगायोग बघा, ज्या ऑगस्टमध्ये रामकुंडावर २०१५ चं पहिलं शाही स्नान झालं, त्याच महिन्यात ओपनसिग्नल या कंपनीनं एक आकडा जाहीर केला. त्यांच्या पाहणीत अँड्रॉइडचे २४,०९३ वेगवेगळे फोन आणि टॅब सापडले. तीनच वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, हाच आकडा ३,९९७ होता. स्क्रीन वेगळी, मेमरी वेगळी, व्हर्जन वेगळं, कंपनीनं वरून चढवलेला मुलामा वेगळा. जगातली कुठली कंपनी एवढे फोन टेबलावर मांडून तपासणार?

म्हणून कंपन्या लोकांच्या दारात आल्या. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये 'विंडोज इनसायडर' सुरू केलं. कच्चं विंडोज तुमच्या कॉम्प्युटरवर टाका आणि काय फुटतंय ते सांगा. ॲपलच्या 'टेस्टफ्लाइट'वर एका ॲपसाठी बाहेरचे दहा हजारांपर्यंत टेस्टर घेता येतात. अमेरिकेत 'यूटेस्ट' ही कंपनी २००७ मध्ये याच कल्पनेवर उभी राहिली. आपल्याकडे बंगळुरूच्या काही टेस्टर मंडळींनी २००९ मध्ये 'वीकेंड टेस्टिंग' सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी एकत्र जमायचं, एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं, ठोकून बघायचं आणि एकमेकांकडून शिकायचं. क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिससारखं!

ओपन सोर्सवाल्यांचा फंडा आणखी झकास. 'फेडोरा' हे लिनक्स घ्या. त्यामागे उभ्या असलेल्या रेड हॅट कंपनीचं पुण्यात मोठं ऑफिस आहे. फेडोरात नवं अपडेट आधी 'टेस्टिंग'च्या रांगेत उभं राहतं. वापरणारे ते आपल्या मशिनवर चढवतात आणि 'कर्म' देतात. चाललं तर अधिक एक, बिघडलं तर उणे एक. पुरेसं चांगलं कर्म जमलं की अपडेट पुढे सरकतं. कर्माची फळं याच जन्मी!

बारा जण हवेत

हे सगळं मोठ्यांचं झालं. पण हल्ली तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही असा मेसेज आला असेल, 'फ्रेंड्स, प्लीज माझं ॲप डाउनलोड करा, चौदा दिवस ठेवा, काढू नका.' ही भीक कसली, असा प्रश्न पडला असेल तर ऐका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडणाऱ्या डेव्हलपरला गूगलनं अट घातली. ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल तर आधी २० टेस्टर सलग १४ दिवस दाखवा. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. म्हणजे टेस्टर गोळा करणं आता हौशी माणसालाही चुकलेलं नाही.

माझा एक मित्र पंचवटीतच, निमाणीच्या जवळ राहतो. नोकरी मुंबईच्या कंपनीत, काम बहुतेक घरून. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून त्यानं एक छोटंसं ॲप केलं. घाटावर म्हातारं माणूस चुकलं, तर एक मोठ्ठं लाल बटण दाबायचं. घरच्यांना फोन लागतो आणि जागा कळते. खाली दुसरं बटण ॲम्ब्युलन्सचं. बस्स, एवढंच.

बारा जण गोळा करायला त्यानं आधी ऑफिसच्या ग्रुपवर हाक मारली. तासाभरात चौदा जण तयार! सगळे इंजिनिअर, सगळ्यांचे फोन गेल्या दोन वर्षांतले. चार दिवसांत सगळ्यांचा एकच रिपोर्ट, 'कूल आहे, मस्त चालतंय.' एकही बग नाही. मित्र खुशीत.

मी म्हटलं, 'अरे, यातलं कोण कधी गर्दीत चुकलंय?'

तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी पुन्हा यादी केली. त्याच्या बिल्डिंगमधल्या एक मावशी, वय सत्तरच्या पुढे. कारंजावर स्टँड असलेले एक रिक्षावाले काका. घाटावर फुलं विकणारी एक ताई. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई गाठणारा एक पासधारक (कसाऱ्याच्या घाटात नेटवर्क गेल्यावर काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत?). आयफोनवाली भाची, आणि मुलाचा जुना फोन वारशात मिळालेले एक आजोबा.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन मोहीम निघाली. पहिला दणका मावशींनी दिला.

'अरे बाळा, बटण कुठंय?'

'मावशी, ते काय, मध्येच आहे ना. लाल.'

'लाल-बिल काही नाही इथं. नुसतं नाव दिसतंय.'

मित्रानं फोन हातात घेतला आणि बघतच राहिला. मावशींना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांच्या सुनेनं फोनमधला अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून ठेवला होता. मोठ्या अक्षरांनी सगळी जागा खाल्ली आणि लाल बटण स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं. ज्यांच्यासाठी ॲप केलं, नेमकी तीच माणसं अक्षर मोठं करून वापरतात. आणि नेमकं त्यांनाच बटण दिसत नव्हतं! चौदा इंजिनिअरांना चार दिवसांत जे दिसलं नाही, ते मावशींना चार सेकंदांत दिसलं. म्हणजे, दिसलं नाही, म्हणून दिसलं.

मग रांगच लागली. फुलवाल्या ताईंचे हात ओले, स्क्रीन ऐकेना. उन्हात लाल रंगावरची पांढरी अक्षरं उडून गेली. रिक्षावाले काका म्हणाले, 'भाऊ, एवढं लोकेशन-लोकेशन विचारतंय, मी आपला नाही म्हणून टाकलं.' आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर ॲपनं पुन्हा तोंडच उघडलं नव्हतं. कसाऱ्याच्या घाटात फोन लागला नाही, तर 'पाठवलं' असं खोटंच दाखवलं! एका रविवारात अकरा बग. मित्राचा चेहरा पडला होता, पण संध्याकाळी तोच म्हणाला, 'बरं झालं आत्ता कळलं. ऑगस्टच्या गर्दीत कळलं असतं तर?'

आचारी की आचार्य?

आजोबांच्या जुन्या फोनची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती आपल्या भाषेची आहे. त्यांच्या फोनवर दुसऱ्या बटणावर 'ॲम्ब्युलन्स'च्या जागी 'म्ब्युलन्स' आणि त्याआधी एक रिकामा चौकोन दिसत होता.

कारण गमतीशीर आहे. मराठीतलं 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. ज्या फोनच्या फॉन्टमध्ये ते नाही, तिथं चौकोन. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवायचे. दिसायला दोन्ही सारखंच. पण कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. त्यामुळे एका पद्धतीनं लिहिलेलं 'ॲम्ब्युलन्स' दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर सापडेलच असं नाही.

तसाच आपला अर्धा र. 'आचार्यांना भेटा' आणि 'आचाऱ्यांना भेटा' यात एका रफाराचा फरक, पण एक वाट आश्रमात जाते आणि दुसरी थेट भटारखान्यात! पंचवटीसारख्या ठिकाणी, जिथं दोघंही हाकेच्या अंतरावर असतात, तिथं घोळ व्हायला वेळ लागणार नाही. हा 'ऱ्य' सुद्धा कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. फॉन्टमध्ये मराठी वळण असूनही सॉफ्टवेअरला 'ही मराठी आहे' असं सांगितलं नसेल, तर ते हिंदी वळण दाखवून मोकळं होतं.

हे कॅलिफोर्नियातला टेस्टर पकडणार आहे का? शक्यच नाही. त्याच्या लेखी सगळी अक्षरं सारखीच सुंदर. फायरफॉक्स, लिबरऑफिस, लिनक्स ही सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतात, त्यामागे वर्षानुवर्षं भाषांतर करणाऱ्या आणि 'इथं काना तुटलाय, इथं रफार उडालाय' असं चिकाटीनं कळवणाऱ्या माणसांचे कष्ट आहेत. रेड हॅटनं २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय भाषांचे फॉन्ट सगळ्यांसाठी खुले केले. तेव्हापासून असे फॉन्ट सुधारत गेले, तेही अशाच तक्रारखोर वाचकांमुळे. मराठी येणं हे इथं चक्क क्वालिफिकेशन आहे!

पण ऐकतंय कोण?

माणसं जमवली, बग सापडले, म्हणजे झालं? नाही ना! २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं. चारच दिवसांत ते थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या फाइल्स त्यात चक्क उडाल्या. फोटो, कागदपत्रं, सगळं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अशी माणसं फार थोडी होती, पण ज्याचे लेकराचे फोटो गेले त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

खरा धक्का पुढेच आहे. काही इनसायडर टेस्टरनी ही तक्रार आधीच कळवली होती! पण कंपनीच्या व्यवस्थेत ज्या तक्रारीला जास्त लोकांचा दुजोरा, ती वर. ही तक्रार मोजक्या जणांची, म्हणून ती ढिगाखाली राहिली. नंतर मायक्रोसॉफ्टनं तक्रार किती गंभीर आहे, हे टेस्टरला सांगता येईल अशी सोय केली. धडा सरळ आहे. बटणाचा रंग न आवडणारे हजार आणि फाइल गमावलेला एक, यात त्या एकाचं आधी ऐकायचं.

पंचवटीच्या भाषेत सांगायचं तर, चेंगराचेंगरीत पहिली हाक एकाच माणसाची असते.

फुकटची हमाली?

आता तुमच्या मनातला प्रश्न. कंपनी करोडो कमावणार आणि आम्ही फुकटात तिचे बग शोधायचे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत एओएल या कंपनीची चॅटरूम सांभाळणारे स्वयंसेवक याच मुद्द्यावर १९९९ मध्ये कोर्टात गेले. आम्ही नोकरांसारखं काम केलं, मग पगार कुठंय? २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

म्हणून सीमारेषा आधीच आखलेली बरी. ओपन सोर्स असेल तर तुम्ही शोधलेला बग सगळ्यांच्याच कामी येतो, तुमच्याही. गावासाठीचं काम असेल तर समाधान हीच फी. पण कंपनी वेळापत्रक ठरवून देत असेल, टार्गेट देत असेल, रोज रिपोर्ट मागत असेल, तर ती नोकरी झाली. तिथं पैसे मागायला लाजू नका. आपल्या सरकारनंही मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू'च्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला, तेव्हा त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतंच की!

आणि पैशांपलीकडेही काही मिळतं. करिअरच्या सुरुवातीला असाल तर 'मी अमुक प्रोजेक्टमध्ये इतके बग नोंदवले' ही ओळ बायोडेटात भारी दिसते. ओपन सोर्समध्ये तुमच्या नावानं नोंदवलेला बग कुणालाही बघता येतो. इंटरव्ह्यूत उगाच फेकाफेक करायची गरजच नाही.

टेस्टर जमवायचेत? हे लक्षात ठेवा!

आपल्यासारखे बारा नकोत, आपल्यापेक्षा वेगळे बारा शोधा. वय, फोन, भाषा, नेटवर्क सगळं वेगळं.

'बघ जरा आणि सांग' असं म्हणू नका. 'हे बटण दाबून भावाला फोन लाव' असं एकच छोटं काम द्या. आणि तो करत असताना तोंड बंद ठेवा! तुम्ही मदत केलीत की टेस्ट संपली.

बग कळवायला दहा रकान्यांचा फॉर्म देऊ नका. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो आणि एक व्हॉइस मेसेज पुरतो. फोनचं मॉडेल आणि व्हर्जन तुम्ही लिहून घ्या.

प्रत्येकाला उत्तर द्या. 'तुमच्यामुळे हे दुरुस्त झालं' एवढं वाक्य टी-शर्टपेक्षा मोठं असतं. (पण टी-शर्ट दिलात तर कुणी नाही म्हणत नाही!)

स्वतः टेस्टर होणार असाल तर कच्चं सॉफ्टवेअर रोजच्या फोनवर टाकू नका. बॅकअप घ्या. बँकेची, आधारची खरी माहिती कधीच भरू नका. ॲप कोणती परवानगी मागतंय ते वाचा. आणि काम झालं की काढून टाका.

शेवटचा रविवार

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा मावशींकडे गेलो. मित्रानं मांडणी बदलली होती. अक्षर कितीही मोठं करा, लाल बटण जागचं हलत नव्हतं. आजोबांच्या फोनसाठी 'ॲम्ब्युलन्स'च्या शेजारी गाडीचं चित्र टाकलं होतं, म्हणजे अक्षर फुटलं तरी अर्थ फुटणार नाही. नेटवर्क नसेल तर ॲप आता खोटं बोलत नव्हतं. सरळ सांगत होतं, 'निरोप गेलेला नाही.'

मावशींनी चष्मा लावला, बटण दाबलं. दुसऱ्या खोलीत सुनेचा फोन वाजला. मित्रानं सुटकेचा श्वास टाकला.

'चाललं की मावशी!'

'हो, चाललं,' मावशी म्हणाल्या. 'पण मला एक सांग, गर्दीत माझा फोनच पडला तर?'

मित्र माझ्याकडे बघायला लागला. वही काढली आणि लिहिलं, बग नंबर बारा.

तुमच्या आजूबाजूलाही अशी एखादी मावशी असेल. पुढच्या रिलीजच्या आधी, ऑफिसातल्या त्या चकाचक फोनवर 'चालतंय' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, एकदा तिच्या हातात देऊन बघा ना!